एक लढाई, अनेक हकिकती

उर्दूत तुम्ही ज्या विषयाला 'तारीख' म्हणता, त्याला मराठीत 'इतिहास' म्हणतात. मराठीत 'तारीख' म्हणजे फक्त महिन्यातला दिवस. असाच दुसरा शब्द 'हकीकत'. उर्दूत हकीकत म्हणजे सत्य. मराठीत हकिकत म्हणजे घडलेल्या गोष्टीचा वृत्तान्त. तो खरा असेल, अर्धा खरा असेल किंवा सांगणाऱ्याच्या मनासारखा असेल. शब्द एकच, पण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येताना त्याचा अर्थ थोडा सरकला. या पाठात या दोन्ही शब्दांशी आपला संबंध येणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली होती. परतवाड्याहून घाट चढून गेल्यावर जवळच गाविलगडाचा किल्ला आहे. तेथे पूर्वी गवळी लोकांची गढी होती, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. पुढे बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकात तेथे मजबूत किल्ला बांधला. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला याने त्याची दुरुस्ती केली. हा फतहुल्ला जन्माने विजयनगरकडच्या हिंदू कुटुंबातला होता, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे. किल्ल्याच्या दिल्ली दरवाजावर दगडात कोरलेले सिंह आणि दोन डोक्यांचा पक्षी आहे. आत मोठी मशीद आहे. मुले हे सारे पाहत हिंडत होती.

तटाच्या पडक्या भागाजवळ मी त्यांना १८०३ साली येथे झालेल्या लढाईची माहिती सांगितली. इंग्रजांनी तोफांनी तट फोडला आणि १५ डिसेंबरला किल्ला घेतला, असे मी म्हणालो. तेव्हा नववीतल्या एका मुलाने हात वर केला.

"सर, या लढाईत आपण कोणत्या बाजूला होतो?"

मी उत्तर देण्याआधीच दुसरा म्हणाला, "निजामाच्या बाजूला!"

"निजाम कोणाच्या बाजूला होता?" मी विचारले.

"इंग्रजांच्या," कोणीतरी हळूच म्हणाले. सगळे गप्प झाले. इंग्रजांच्या बाजूला जायला कोणीच तयार नव्हते.

मग तिसरा म्हणाला, "मग आपण किल्ल्यातल्या लोकांच्या बाजूला." किल्लेदार कोण होता, हे मी सांगितले. त्याचे नाव बेनीसिंग. तो रजपूत होता आणि नागपूरच्या भोसल्यांचा चाकर होता. पुन्हा शांतता. त्या दिवशी उत्तर सापडले नाही. पण प्रश्न फार चांगला होता. शाळेत परतल्यावर आम्ही दोन आठवडे त्यावरच काम केले.

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. त्या काळी वऱ्हाडावर निजामही हक्क सांगत असे आणि नागपूरकर भोसलेही. एकाच गावात दोघांचे वसुलीचे लोक येत. १८०२ च्या अखेरीस पेशवा दुसरा बाजीराव याने वसईला इंग्रजांशी तह केला. शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना तो तह मान्य नव्हता. १८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. म्हणजे मराठ्यांचा पेशवा कागदोपत्री इंग्रजांचा मित्र, आणि मराठ्यांचेच दोन मोठे सरदार इंग्रजांचे शत्रू. हैदराबादचा निजामही इंग्रजांचा मित्र. 'हिंदू एका बाजूला आणि मुसलमान दुसऱ्या बाजूला' अशी रेघ या युद्धाच्या नकाशावर कोठेच ओढता येत नाही.

रणांगणावर कोण होते, ते पाहा. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याच्याकडे स्कॉटलंडचे गोरे शिपाई होते. मद्रासकडचे हिंदू आणि मुसलमान शिपाई होते. म्हैसूरचे आणि हैदराबादचे घोडेस्वार होते. समोर रघूजींचा भाऊ व्यंकोजी याचे सैन्य आणि शिंद्यांचे घोडदळ होते. भोसल्यांच्या पायदळात पाचशेच्या आसपास परदेशी लोकांची एक तुकडी होती. ते इराणी असावेत असे वेलस्लीने लिहिले; इतर पुस्तकांत त्यांना अरब म्हटले आहे. ते दोन गोऱ्या पलटणींवर तुटून पडले आणि बहुतेक सारे तेथेच मारले गेले. ते कोणत्या देशाचे होते हेसुद्धा मारणाऱ्यांना नीट ठाऊक नव्हते. मला ही गोष्ट फार लागते.

ही लढाई झाली अडगावला. इंग्रजी पुस्तकांत तिचे नाव 'अरगाव' असे पडले आहे. आजच्या अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात अडगाव आणि शिरसोली ही गावे आहेत. त्यांच्या परिसरातल्या मैदानावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. लढाईला तोंड लागले तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते.

आता हकिकतीतला फरक कोठे पडतो ते पाहू. लढाईच्या सहा दिवस आधी, २३ नोव्हेंबरला, शिंद्यांच्या वकिलाने वेलस्लीशी युद्ध थांबवण्याचा करार केला होता. शिंद्यांचे सैन्य एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, पूर्वेला ठरलेल्या अंतरावर जाऊन राहावे, अशी त्यात अट होती. सैन्य तेथे गेले नाही. ते भोसल्यांच्या फौजेजवळच राहिले. लढाईच्या दिवशी शिंद्यांच्या वकिलांनी वेलस्लीला विनवले, "हल्ला करू नका, करार झालेला आहे." वेलस्लीचे म्हणणे असे की, भोसल्यांशी आमचा करार मुळीच नाही, आणि शिंद्यांनी अट पाळेपर्यंत त्यांच्याशी झालेला करारही लागू नाही.

वेलस्लीच्या तंबूत उभे राहून पाहिले, तर शिंद्यांनी शब्द मोडला. वकिलाच्या जागी उभे राहून पाहिले, तर शाई वाळते न वाळते तोच इंग्रजांनी तोफा डागल्या. करार एकच आणि तारीखही एकच. आमच्या वर्गात यावर इतका वाद झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी मुलांना एक अट घातली. कोणत्याही बाजूने बोला, पण घडलेली गोष्ट बदलायची नाही. अट होती, हे शिंद्यांच्या बाजूने बोलणाऱ्याने कबूल केले पाहिजे. वकील विनवीत होते, हे इंग्रजांच्या बाजूने बोलणाऱ्याने लपवता कामा नये. दुसऱ्याच्या जागेवरून पाहणे म्हणजे त्याचे म्हणणे मान्य करणे नव्हे. काही मुलांना हे पटायला वेळ लागला. "सर, मी वेलस्लीच्या बाजूने लिहिले तर मी गद्दार नाही ना?" असे एकाने अगदी गंभीरपणे विचारले.

त्याच संध्याकाळची आणखी एक गोष्ट आहे. लढाई सुरू होताच शिरसोलीजवळ मराठ्यांच्या तोफांचा मारा झाला आणि कंपनीच्या देशी शिपायांच्या तीन पलटणी मागे पळाल्या. दोनच महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत हेच शिपाई उत्तम लढले होते. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना परत रांगेत आणले. आपण तेथे नसतो तर लढाई हातची गेली असती, असे त्याने पुढे लिहिले. त्या शिपायांना आपण शूर म्हणणार की भित्रे? त्यांना स्वतःला काय वाटले, हे वेलस्लीच्या पत्रांत नाही.

सूर्य मावळला तेव्हा मराठ्यांची फौज मोडली होती. चांदण्यात इंग्रजांच्या घोडदळाने दूरपर्यंत पाठलाग केला. दिवसाचा उजेड आणखी तासभर टिकला असता तर शत्रूचा एकही माणूस सुटला नसता, अशी हळहळ वेलस्लीने व्यक्त केली आहे. पळणाऱ्यांच्या दृष्टीने पाहा. मार्गशीर्षाच्या सुमाराचा तो लहान दिवस होता, म्हणून कितीतरी जण घरी पोचले. ज्या अंधारामुळे एक जण हळहळला, त्याच अंधाराने दुसऱ्याच्या आईला तिचा मुलगा परत दिला.

आकड्यांविषयीही थोडे सांगतो, कारण परीक्षेत मुले आकडे फार विश्वासाने लिहितात. कंपनीचे मृत आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या पुढे होते. हा आकडा हजेरी घेऊन काढलेला आहे. अडतीस तोफा हाती लागल्या, त्याही मोजलेल्या आहेत. पण मराठ्यांची माणसे किती पडली, याचे इंग्रजी पुस्तकांतले आकडे हे जिंकणाऱ्याचे अंदाज आहेत. आपली माणसे मोजली आणि समोरची अंदाजाने सांगितली, असा हा हिशोब आहे. कोणताही आकडा वाचला की तो कोणी मोजला, हे विचारायला शिका.

अडगावनंतर इंग्रजी फौज गाविलगडाकडे वळली. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने मेळघाटच्या डोंगरांतून जड तोफा ओढत किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या. त्यासाठी शिपायांना कित्येक दिवस वाट तयार करावी लागली. या डोंगरांत कोरकू लोकांची वस्ती आहे. त्यांच्या रानातून गेलेल्या या फौजेकडे त्यांनी कसे पाहिले, ते कोणी लिहून ठेवले नाही. १५ डिसेंबरला हल्ला झाला. बेनीसिंग लढता लढता मारला गेला आणि त्याचे प्रेत दरवाजाजवळ पडलेल्या लोकांत सापडले. किल्ल्यातल्या रजपूत स्त्रियांविषयी इंग्रजी ग्रंथांत जेमतेम दोन-चार वाक्ये आहेत. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्यांना मारण्याचे घरच्या पुरुषांनीच ठरवले होते. काही जणी मेल्या, काही जखमी झाल्या आणि बाकीच्या वाचल्या. वाचलेल्या त्या स्त्रियांना आयुष्यभर काय आठवत राहिले असेल? मुलींनी हा प्रश्न विचारला, मुलांनी नाही. त्यावर मला काही बोलता आले नाही.

वेलस्लीबरोबर एलफिन्स्टन नावाचा चोवीस वर्षांचा इंग्रज अधिकारी होता. तो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने या मोहिमेविषयी पत्रे लिहिली. वेलस्लीचे तर खलितेच छापलेले आहेत. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा तो हाच, म्हणून त्याचा कागदन् कागद जपला गेला. १९९९ मध्ये बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाने गाविलगडाच्या लढाईवर कादंबरी लिहिली. तिचा नायक अर्थातच इंग्रज आहे. मराठीत बुलढाण्याचे यादव माधव काळे यांनी 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला, म्हणून या मुलखाची गोष्ट आपल्याला मराठीतून वाचता येते. पण १८०३ हे दुष्काळाचे साल होते. दोन्ही फौजांच्या हजारो बैलांनी आणि घोड्यांनी ज्या शेतकऱ्यांची वावरे तुडवली, त्यांच्या बाजूची पत्रे नाहीत.

किल्ला पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावला भोसल्यांशी तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला आणि तो निजामाकडे गेला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र भोसल्यांकडेच ठेवले. दूरचा कटक प्रांत कंपनीला मिळाला. नागपूरच्या दरबारात हा अपमान ठरला. हैदराबादला वाटले, आपलेच आपल्याला परत मिळाले. हा आनंद पन्नास वर्षेच टिकला. १८५३ साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाला वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात द्यावा लागला आणि १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. म्हणून १८०३ मध्ये 'कोण जिंकले' या प्रश्नाचे उत्तर १८०४ मध्ये वेगळे येते आणि १८५४ मध्ये वेगळे.

शेवटी मी वर्गाला एक काम दिले. २९ नोव्हेंबरच्या रात्री, लढाईनंतर, एखाद्या माणसाने घरी लिहिलेले पत्र तयार करायचे. माणूस कोणता ते चिठ्ठी उचलून ठरवायचे. स्कॉटलंडचा शिपाई, मद्रासचा शिपाई, हैदराबादचा स्वार, व्यंकोजीचा तोफवाला, शिरसोलीचा शेतकरी, शिंद्यांचा वकील, अशा चिठ्ठ्या होत्या. आवडती चिठ्ठी बदलून मिळणार नव्हती. पहिल्या पत्रांत सगळेच फार सज्जन निघाले. स्कॉटलंडचा शिपाईसुद्धा अकोल्याच्या मुलासारखा बोलू लागला! मी ती पत्रे परत दिली. त्याला जेवणाला काय मिळत होते, पगार किती थकला होता, समोरच्या माणसाची भाषा त्याला कळत होती का, हे आधी शोधा, असे सांगितले. दुसऱ्या खेपेची पत्रे छोटी होती, पण खरी वाटत होती. शेतकऱ्याचे पत्र एका मुलीने लिहिले. त्यात कोणाच्याही विजयाचा उल्लेख नव्हता. बैल कोणी नेले आणि ते परत मागायला कोणाकडे जायचे, एवढेच होते.

गाविलगडावर प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शिंद्यांच्या वकिलाची चिठ्ठी आली. त्याने निम्मे पत्र मराठीत लिहिले आणि निम्मे उर्दूत. का, असे विचारले तर म्हणाला, "दरबारात फारसी चालत होती ना, सर? मला फारसी येत नाही, म्हणून उर्दूत लिहिले." पत्रात वकील आपल्या मालकाला सांगत होता की, मी खूप विनवले, पण आपली फौज ठरल्या जागी नव्हती, म्हणून माझ्या बोलण्यात जोर आला नाही. वाचून झाल्यावर मी पत्र त्याच्या हातात परत दिले. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला.

"सर," तो म्हणाला, "आता मला वेलस्लीची चिठ्ठी द्या. त्याचे उत्तरही मीच लिहितो."