हृदयावरचा भार आणि प्रयोगशाळेतील मोजमाप

हृदयाच्या स्नायूला प्रत्येक ठोक्यागणिक दोन भार पेलावे लागतात. कप्प्यात परत येणारे रक्त आकुंचनापूर्वी स्नायूला ताणते, तो पूर्वभार. आणि रक्त बाहेर लोटताना धमन्यांतील ज्या विरोधावर मात करावी लागते, तो उत्तरभार. हृदय निकामी होते तेव्हा दोष स्नायूचा की भाराचा, हे शरीरात सहजी वेगळे काढता येत नाही, कारण रक्तदाब, संप्रेरके आणि मज्जातंतू एकमेकांवर सतत परिणाम करीत असतात.

हा भेद किती निर्णायक ठरतो, हे मुंबईने पाहिले आहे. 16 फेब्रुवारी 1968 रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. परंतु रुग्णाच्या फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा विरोध वाढलेला असल्याने तो भार नव्या हृदयाला झेपला नाही आणि रुग्ण काही तासांतच दगावला.

भार हवा तसा बदलून पाहण्याची सोय त्याआधीच झाली होती. जर्मनीत ऑटो फ्रँक यांनी 1895 मध्ये बेडकाच्या हृदयावर ताणाचे प्रयोग केले, तर लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1910 नंतरच्या दशकात कुत्र्याचे हृदय आणि फुफ्फुसे शरीराच्या उर्वरित रक्ताभिसरणापासून वेगळी करून एक मांडणी उभारली. तीत रक्ताची टाकी वर-खाली करून पूर्वभार बदलता येई आणि हवेच्या दाबाखाली ठेवलेल्या पातळ रबरी नळीतून रक्त जाऊ देऊन उत्तरभार ठरवता येई. हृदय जितके अधिक भरते, तितक्या जोराने ते, एका मर्यादेपर्यंत, आकुंचन पावते, हा नियम अशा प्रयोगांतून प्रस्थापित झाला.

आजच्या उपकरणांना अख्खे हृदय लागत नाही. रोपणाच्या वेळी काढलेल्या रोगट हृदयाचे सुमारे 0.3 मिलिमीटर जाडीचे काप घेतले जातात, कारण तेवढ्या जाडीत रक्तवाहिन्यांवाचूनही प्राणवायू आतपर्यंत झिरपतो; हे काप योग्य ताण देऊन आणि विजेचे ठोके देत ठेवले, तर ते अधिक काळ कार्यक्षम राहतात. दुसऱ्या पद्धतीत हृदयपेशी जेलमध्ये मिसळून दोन लवचीक सिलिकॉन खांबांमध्ये ऊतीची पट्टी वाढवली जाते. ती आकुंचन पावली की खांब वाकतात आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या वाकण्यावरून बळ मोजले जाते. हॅम्बुर्ग येथील संशोधकांनी 2012 मध्ये उंदीरवर्गीय प्राण्याच्या पेशींपासून बनवलेल्या अशा पट्ट्यांच्या पोकळ खांबांत धातूच्या सळ्या सरकवून उत्तरभार सुमारे 12 पट वाढवला, तेव्हा आठवड्याभरात पेशी फुगल्या आणि पट्ट्यांचे बळ घटले. औषध किंवा आजार यांची भर न घालता, केवळ भार वाढवल्याने हे घडले, यातच या प्रयोगाचे मोल आहे.

अर्थात या पट्टीत रक्ताभिसरण नाही आणि मूलपेशींपासून बनवलेल्या मानवी हृदयपेशी वापरल्या तरी त्या बऱ्याच अंशी गर्भावस्थेतील पेशींसारख्या अपक्व राहतात, त्यामुळे तिच्यावरील निष्कर्ष रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही वाढता भार स्नायूला बिघडवतो, एवढे त्यातून स्पष्ट होते. दवाखान्यात दंडाला पट्टा गुंडाळून मोजला जाणारा रक्तदाब हा डाव्या कप्प्यावरील याच उत्तरभाराचा ढोबळ अंदाज असतो. म्हणून काही त्रास होत नसला तरी तो नियमित मोजून घ्यावा आणि बरे वाटते म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत.