कुत्र्याचा खुबा आणि क्ष-किरणांची साक्ष

घरीं आणलेलें कुत्र्याचें पिलूं अंगणांत बागडूं लागलें म्हणजे त्याचे चारही पाय धड आहेत, अशी सर्वांची खात्री होते. परंतु जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर इत्यादि मोठ्या जातींत एक असा दोष आढळतो कीं, तो वरवर पाहणाऱ्यास कित्येकदां वर्षानुवर्षें दिसत नाहीं. खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ हाच तो दोष. वैद्यकांत त्यास हिप डिस्प्लेझिया असें नांव आहे.

खुब्याच्या सांध्याची रचना उखळीसारखी असते. कमरेच्या हाडांत एक खोलगट वाटी असते व तींत मांडीच्या हाडाचा वाटोळा गोळा नीट बसून फिरतो. जन्मसमयीं सदोष पिलाचा सांधाही निर्दोषच दिसतो. पुढें वाढीच्या काळांत सांध्याचे बंध सैल पडतात, गोळा वाटींत डळमळूं लागतो, वाटी उथळ राहते आणि हाडावरील कूर्चा झिजून संधिवात जडतो. मग कुत्रा कष्टानें उठतो, जिना टाळतो, धांवतांना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो. उलटपक्षीं, सांधा सदोष असूनही कित्येक कुत्रे बराच काळ मजेनें धांवतात. खरा धोका येथेंच आहे. असा देखणा कुत्रा निर्दोष समजून त्याची पैदास होते आणि दोष पुढील पिढींत उतरतो.

अमेरिकेंतील पशुवैद्य श्नेल यांनीं १९३५ सालीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें या दोषाचें प्रथम वर्णन केलें. आज परीक्षेची रीत ठरलेली आहे. कुत्र्यास गुंगीचें औषध देऊन उताणें निजवितात, मागील पाय सरळ ताणतात व छायाचित्र घेतात. अमेरिकेंत १९६६ सालीं याच कामासाठीं स्थापन झालेली संस्था चोवीस महिन्यांनंतर सात श्रेणींपैकीं एक श्रेणी देते. इंग्लंडांत प्रत्येक खुब्यास ० ते ५३ गुण देतात. तेथें गुण जितके कमी, तितका सांधा चांगला! पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत निघालेल्या पद्धतीनें तर सोळा आठवड्यांच्या पिलाच्या सांध्याचा सैलपणाही मोजतां येतो.

हा दोष अनेक आनुवंशिक घटकांवर अवलंबून असल्यामुळें निर्दोष मातापित्यांसही सदोष पिलें होऊं शकतात. म्हणून भावंडांचीही परीक्षा पाहावी लागते. तथापि निवडीचें फळ मिळतें. न्यू जर्सींतील ‘द सीइंग आय’ ही संस्था अंधांस वाट दाखविणारे कुत्रे तयार करते. असा कुत्रा अधू झाला म्हणजे एका माणसाची वाटच बंद होते. पांच पिढ्यांच्या आंत, केवळ पारखून पैदास केल्यानें, तेथील जर्मन शेफर्डांत हा दोष ५५ टक्क्यांवरून २४ वर व लॅब्रॅडॉरांत ३० टक्क्यांवरून १० वर आल्याचें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें.

आहाराचाही यांत वांटा आहे. अमेरिकेंतच ४८ लॅब्रॅडॉर पिलांवर एक दीर्घ प्रयोग झाला. अर्ध्या पिलांस जोडीदारापेक्षां चतुर्थांश अन्न कमी दिलें. त्यांच्यांत हा दोष कमी आढळला, आणि त्यांचें मध्यम आयुष्यही सुमारें दोन वर्षें अधिक भरलें. लाडानें पोसलेला लठ्ठपणा हा सांध्याचा वैरीच होय.

तेव्हां पिलूं घेऊं इच्छिणाऱ्या श्रोत्यांनीं रंग व कान पाहण्यापूर्वीं मातापित्यांच्या खुब्यांचा दाखला मागावा. सदोष कुत्र्यास घरीं मायेनें अवश्य वाढवावें. मात्र त्याचा वंश वाढवूं नये.