गाणाऱ्या शांताबाई पडद्यावर कशा आल्या?

दिवाळी झाली, की आपल्या भंडाऱ्याकडे गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार उभी राहते. दंडारीत जो सोंग घेतो, तोच गातो, तोच नाचतो. त्याच्या बदली दुसरा कोणी आडून गात नाही.

पहिले बोलणारे सिनेमे असेच होते. ते कसे, हे आपण शांता आपटे यांच्या गोष्टीवरून पाहू.

मुका सिनेमा बोलू लागला

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा लोकांना दाखवला. त्यात माणसे हलत, चालत. पण त्यांचा आवाज ऐकू येत नसे. १९३१ साली 'आलम आरा' आला आणि सिनेमा हिंदीत बोलू लागला. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला आणि तो मराठीत बोलू लागला.

बोलू लागला, तसा तो गाऊही लागला. पण पंचाईत अशी, की जो दिसेल त्यानेच गायचे. कॅमेरा चालू असतानाच गायचे. पेटी-तबला वाजवणारे चित्रात दिसू नयेत, असे आडबाजूला बसत. मध्येच गाणे चुकले की झाले! पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सिनेमा कंपन्या गळा असलेली माणसे शोधू लागल्या.

दुधनीची मुलगी

शांताबाई मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनी गावच्या. लहानपणी त्या गणपतीच्या उत्सवात गात. पुढे पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात गाणे शिकल्या. १९३२ साली भालजी पेंढारकरांनी 'श्यामसुंदर' सिनेमात त्यांना राधेचे काम दिले. १९३४ साली त्या पुण्याच्या प्रभात कंपनीच्या 'अमृतमंथन' सिनेमात आल्या. तिथून त्यांचे नाव देशभर झाले.

१९३७ चा 'कुंकू' हा त्यांचा सर्वांत गाजलेला सिनेमा. व्ही. शांताराम यांनी तो काढला. नीरा नावाच्या तरुण मुलीचे लग्न एका म्हाताऱ्या बिजवराशी लावून देतात. नीरा ते लग्न मानत नाही. ती नुसती रडत बसत नाही. वाईट नजरेच्या सावत्र मुलाला ती छडीने चोप देते! बाया-माणसांनी हे पाहिले आणि जरठ-बाला विवाहाची चर्चा घराघरांत झाली. हा सिनेमा 'दुनिया न माने' या नावाने हिंदीतही निघाला.

कंपनीच्या दारात उपोषण

त्या काळी नट-नट्या कंपनीत महिन्याच्या पगारावर असत. कामाआधी करार करावा लागे. करार म्हणजे दोघांनी काय द्यायचे, काय घ्यायचे, हे लिहून सही केलेला कागद. एकदा सही झाली, की माणूस बांधला जातो.

१९३९ साली शांताबाईंचा कंपनीशी तंटा झाला. एवढी नावाजलेली नटी. पण ती गप्प बसली नाही. तिने पुण्यात कंपनीच्या दारातच उपोषण सुरू केले. सारा देश बघत राहिला. १९४० साली शांताबाईंनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले. बाहेरून झगमगीत दिसणाऱ्या या धंद्यात आत काय चालते, हे त्यात त्यांनी सांगितले.

पुढे त्यांनी दुसऱ्या कंपन्यांत कामे केली. १९४१ साली तमिळ भाषेतल्या 'सावित्री' सिनेमात त्या सावित्री झाल्या.

गळा एकाचा, तोंड दुसऱ्याचे

मधल्या काळात नवी रीत आली. १९३५ साली कलकत्त्याच्या एका सिनेमात गाणे आधी भरून घेतले. मग कॅमेऱ्यासमोर नटांनी नुसते ओठ हलवले. याला पार्श्वगायन म्हणतात. ही रीत हळूहळू सगळीकडे पसरली. मग नटीला गळा असलाच पाहिजे, असे राहिले नाही. गाणाऱ्याने तोंड दाखवलेच पाहिजे, असेही राहिले नाही.

१९४६ च्या 'सुभद्रा' सिनेमात शांताबाई होत्या. त्याच सिनेमात लता मंगेशकर नावाची एक तरुण मुलगीही होती. लताबाईंनी पुढे अभिनय सोडला आणि नुसत्या गळ्यावर जग जिंकले. शांताबाई मात्र जुन्या रीतीच्या, स्वतः गाऊन काम करणाऱ्या नटी. १९६४ साली त्या वारल्या.

गळा ही त्यांना मिळालेली देणगी होती. हक्कासाठी दारात बसणे आणि पुढच्या मुलींसाठी पुस्तक लिहिणे, ही त्यांची स्वतःची हिंमत होती. आता आपल्यालाही अक्षर कळते. तेंदूपानाची मजुरी असो, नाही तर सावकाराचे कर्ज. कागद आधी वाचावा, आणि मगच सही करावी.