जुने सागवान भंगारात का जावे?

गोरेगाव म्हटले की मुंबईकराला शेजारचा जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आठवतो. आम्ही लिहीत आहोत ते गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. ओशिवऱ्यासारख्या दुकानांच्या रांगा येथे नाहीत. पण तेथे जो जुना सागवानी माल चांगल्या भावाने विकला जातो, तसा माल मराठवाड्यातल्या माळवदी घरांत आजही पडून आहे. माळवद उतरवून स्लॅब टाकला की घरातले तख्त, संदूक, दोन पाखांचे कपाट, कडीपाटाच्या फळ्या, सारे अंगणात येते. त्यातले काही चुलीत जाते, उरलेले भंगारवाला उचलतो. त्याच आठवड्यात घरात भुशाच्या पाट्यांचे रेडिमेड कपाट येते. दोन पावसाळ्यांत ओल लागून त्याचे तळ फुगतात, आणि तोपर्यंत सागवान हातचे गेलेले असते.

आमच्या सुतार बांधवांनी या मालाकडे धंदा म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते. मात्र त्याची रीत नव्या कामापेक्षा वेगळी आहे. नव्या कामात किती घडवले याला किंमत असते, जुन्या कामात किती राखले याला.

माल घेण्याआधी तो उलटा करून पाहावा. दर्शनी बाजू सगळेच पाहतात, कीड मात्र पाठीमागच्या फळीत आणि तळात असते. सागाचा गाभा सहसा किडत नाही. कडेचे पांढरे लाकूड किडते. भोकांखाली पिठासारखी ताजी भुकटी पडलेली दिसली तर कीड जिवंत आहे असे समजावे आणि ती वस्तू दुकानातल्या इतर मालापासून दूर ठेवावी. भोके जुनी, कोरडी असतील तर घाबरण्याचे कारण नाही. पाठीची फळी बदलता येते. गाभाच पोकळ असेल तर तो माल फुकटही घेऊ नये.

पुढची पायरी पॉलिशची, आणि बहुतेक नुकसान येथेच होते. मशीन लावून घासले की काम लवकर उरकते, पण पन्नास-साठ वर्षांत लाकडावर चढलेला रंग त्याबरोबर जातो. तो कोणत्याही डब्यात विकत मिळत नाही. वरचा थर पातळ पापुद्र्याचा असेल तर तोही फाटतो. म्हणून आधी आतल्या बाजूला, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी, स्पिरिटचा बोळा दोन-तीन मिनिटे ठेवावा. जागा चिकट झाली तर ते लाखेचे, म्हणजे चपड्याचे पॉलिश. ते खरवडण्याची गरज नसते. मळ पुसून, स्पिरिटात विरघळलेल्या चपड्याचे पातळ हात मलमलीच्या गोळीने द्यावेत. जुना थर नव्यात मिसळून जातो. हे काम पावसाळ्यात काढू नये, हवेतल्या दमटपणाने पॉलिश पांढुरके पडते.

वस्तूवर जुना तेलरंग असेल तर तो कोरडा घासू नये आणि जाळून काढू नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव मोठा. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांना फार घातक. ओला पॉलिशपेपर वापरावा आणि मुलांना कामाच्या जागेपासून लांब ठेवावे. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्यांतच उष्णता साठून आपोआप आग लागते. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

सांध्यांविषयी जुन्या उस्तादांचे म्हणणे आम्हांस पटते. खुर्ची डुगडुगली की खिळा ठोकणे हा उपाय नव्हे. खिळ्याने कुसू फाटतो आणि पुढच्या कारागिराला काही उरत नाही. जुने जोड सरसाचे असतात. गरम ओल्या फडक्याने सरस मऊ होतो, जोड न तुटता निघतो. फेविकॉल १९५९ साली बाजारात आला आणि सरसाची कढई हळूहळू मागे पडली. फेविकॉल वाईट नाही, पण जुन्या सरसाच्या थरावर तो धरत नाही. आधी खाच आणि कुसू दोन्ही खरवडून साफ करावेत.

जे सांधता येत नाही त्याचे नवे काही करावे. मोडक्या पलंगाच्या बाजूपट्ट्यांतून बाक होतो, कडीपाटाच्या फळ्यांतून टेबल. हातभर जाड फळी उरली तर रेहल करावी. खरी रेहल एकाच फळीतून, बिजागरीशिवाय, आतल्या आत कापून उलगडते. हा हुन्नर येणारे हात आता थोडेच आहेत, म्हणून त्याला भावही मागता येतो.

आता हिशेब. जुना माल तसाच, किंवा त्याचे स्वरूप न बदलता किरकोळ दुरुस्ती करून विकला आणि खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल, तर जीएसटी फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर मोजता येतो. समजा कपाट ६,००० रुपयांस घेतले आणि १५,००० रुपयांस विकले, तर कर ९,००० रुपयांवर. दुरुस्तीचा खर्च यातून वजा होत नाही. दरवाजाचे टेबल केले तर वस्तूच बदलली, मग ही सवलत धरून चालू नये. राज्यातल्या राज्यात केवळ माल विकणाऱ्यास वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. दुरुस्तीची मजुरीही घेत असाल तर ही मर्यादा २० लाखांची. शंभर वर्षांहून जुने कोरीव दरवाजे, खांब हाती आले तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आठवावा. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि त्या खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत.

हत्यारांसाठी भांडवल नसेल तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा धंद्यांत सुतारकाम आहे. त्यात हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, तसेच तारणाशिवाय आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने ठेवले आहे. व्याज टाळू पाहणाऱ्यांनी निदान हत्यारांच्या मदतीची चौकशी करावी.

विक्रीच्या पावतीवर कोणती फळी जुनी, कोणती नवी, पॉलिश कशाचे, हे लिहून द्यावे. जुना म्हणून नवा माल खपवणारे शहरात पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक तेथे एकदाच जाते.