'फाइल उघडता आली नाही', पण का? डिस्क इमेजच्या एका टूलने एरर सांगायची पद्धत कशी बदलली?

फोनवर एखादं अ‍ॅप अडकलं की 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असा मेसेज येतो. नेमकं काय चुकलं ते कुणी सांगत नाही. आपण वैतागतो, अ‍ॅप पुन्हा उघडतो, विषय संपतो. पण ज्या फाइलमध्ये अख्खा सर्व्हर साठवलाय, तिच्याबद्दल असा मोघम मेसेज आला तर?

अशा फाइलला डिस्क इमेज म्हणतात. संपूर्ण हार्ड डिस्क, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा, सेटिंग्ज, सगळं एकाच फाइलमध्ये. व्हर्च्युअल मशीन याच फाइलवर चालतात. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये सुरू केलेला 'क्यूएमू' हा ओपन सोर्स प्रकल्प या कामासाठी जगभर वापरला जातो. त्याच्यासोबत 'क्यूएमू-आयएमजी' नावाचं टूल येतं. त्यात बटणं नाहीत, खिडक्या नाहीत. कमांड टाइप करायची आणि इमेज बनवायची, तपासायची किंवा एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात न्यायची. चुकलं तर हातात येतो फक्त एरर मेसेज.

२२ नंबरचा घोळ

लिनक्समध्ये प्रत्येक चुकीला नंबर असतो. २ म्हणजे फाइल सापडली नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे डिस्कवर जागा संपली. इथवर ठीक. पण २२ म्हणजे 'अवैध आर्ग्युमेंट', आणि या एका नंबरात काहीही बसतं. इमेजची सुरुवातीची माहिती खराब असो की दिलेला पर्याय चुकीचा असो, उत्तर २२. आतल्या कोडला खरं कारण माहीत असायचं, पण वर पाठवायला त्याच्याकडे हा आकडाच होता. २०१३ च्या सुमारास क्यूएमूच्या डेव्हलपर्सनी इमेज उघडणाऱ्या कोडमध्ये बदल केला. आता आकड्याबरोबर कारणाचं वाक्यही वरपर्यंत येऊ लागलं.

जिथे एररच नव्हता

त्याहून धोकादायक प्रकार म्हणजे चूक होऊनही काहीच न दिसणं. एकच इमेज दोन व्हर्च्युअल मशीननी एकाच वेळी लिहायला उघडली तर डेटाचा चुथडा होतो. पूर्वी क्यूएमू याला अडवत नसे. २०१७ च्या २.१० आवृत्तीपासून इमेजला लॉक लागू लागलं. ते मिळालं नाही तर टूल थांबतं आणि उलट विचारतं, 'दुसरा एखादा प्रोग्राम ही इमेज वापरतोय का?' प्रश्नातच पुढची दिशा आहे: आधी चालू असलेलं मशीन शोधा. याचा जाचही झाला, कारण चालू मशीनच्या इमेजची नुसती माहिती बघायलाही अडवणूक होऊ लागली. त्यासाठी 'फोर्स-शेअर' हा वेगळा पर्याय द्यावा लागला.

उद्याच्या एररची आजच सोय

सगळ्यात हुशार युक्ती मात्र फाइलच्या आतच आहे. क्यूएमूचा 'क्यूकाऊ-टू' हा फॉरमॅट वाढत गेला, त्यात नवी फीचर्स आली. जुन्या प्रोग्रामला ती कळणार नाहीत, हे उघड आहे. मग त्याने मेसेज काय द्यायचा? 'अमुक बिट ओळखता आला नाही' असा? म्हणून तिसऱ्या आवृत्तीच्या इमेजमध्ये फीचर्सच्या नावांची छोटी यादी ठेवायची सोय केली. एका नावाला ४६ बाइट. जुना प्रोग्राम ती यादी वाचतो आणि जे फीचर त्याने कधी पाहिलेलं नाही, त्याचंही नाव मेसेजमध्ये सांगू शकतो!

मेसेज वाचायला माणूसच नसेल तर?

रात्री आपोआप चालणाऱ्या तपासणीत स्क्रिप्ट वाक्य वाचत बसत नाही, ती शेवटी मिळणारा आकडा बघते. म्हणून 'चेक' कमांडचे आकडे वेगवेगळे ठेवलेत. ० म्हणजे इमेज ठीक, १ म्हणजे तपासणी पूर्णच झाली नाही, २ म्हणजे इमेज खराब, ३ म्हणजे जागा वाया गेलीय पण इमेज शाबूत. ६३ म्हणजे या फॉरमॅटची तपासणी करता येत नाही.

२ आणि ३ मधला फरक इथे फार महागात पडू शकतो. वाया गेलेली जागा मोकळी करायला 'लीक्स' दुरुस्ती पुरते. घाबरून थेट 'ऑल' दुरुस्ती चालवली, तर चुकीचा उपाय निवडला जाण्याचा किंवा आधी झालेलं नुकसान झाकलं जाण्याचा धोका जास्त, असं टूलच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय. त्यामुळे २ आकडा दिसला तर व्हर्च्युअल मशीन बंद करायचं, इमेजची कॉपी काढायची आणि दुरुस्ती त्या कॉपीवर करून बघायची.