डुलकी घेणारी हार्ड डिस्क

मार्चअखेरची संध्याकाळ. औषधांच्या दुकानातील गर्दी ओसरली की दुकानदार लॅपटॉपवर दिवसभराचा हिशेब उघडतो. तेवढ्यात एखादे गिऱ्हाईक येते, बोलण्यात पंधरा-वीस मिनिटे जातात. परत येऊन ‘सेव्ह’ करावे, तर पडदा जागीच थिजतो. पाच-सात सेकंद काहीही हलत नाही. आतून बारीक घरघर ऐकू येते आणि मग सारे सुरळीत चालू लागते. ‘डिस्क जायला आली,’ असे कोणी सांगतो, तर कोणी ‘फॉरमॅट मारा’ म्हणून मोकळा होतो. ज्या डिस्कवर वर्षभराची बिले, उधारीच्या नोंदी आणि करविवरणाची कागदपत्रे आहेत, तिच्याबाबत असा सल्ला निदानाआधी मानणे धोक्याचे. पुष्कळदा ती डिस्क आजारी नसतेच. तिला झोपण्याचा आदेश दिलेला असतो.

नव्या लॅपटॉपांत बहुधा एसएसडी असते. तीत फिरणारा भाग नसल्याने हा विलंब उद्भवत नाही. जुन्या लॅपटॉपांतील डिस्कमध्ये मात्र तबकड्या असतात आणि त्या सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेतात. माहिती वाचणारे हेड त्यांच्यावर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असते. काही काळ काम आले नाही, तर वीज वाचवण्यासाठी मोटर थांबवली जाते. त्यानंतर एखादी फाइल मागितली, की तबकड्यांनी पुन्हा वेग घ्यायचा, हेडने जागेवर यायचे आणि मगच वाचनाला सुरुवात व्हायची. तोवर ती फाइल मागणारा प्रोग्रॅम ताटकळतो.

हा आदेश विंडोजच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये दडलेला असतो. नेहमीच्या ‘बॅलन्स्ड’ योजनेत वीजजोडणी असताना साधारणपणे २० मिनिटांनी, तर बॅटरीवर १० मिनिटांनीच डिस्क थांबते. भारनियमनाच्या वेळी लॅपटॉप ‘अधिकच अडखळतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. वीज जाताच मुदत निम्मी होते, आणि दोष मात्र डिस्कच्या वयाला दिला जातो!

उपाय सोपा आहे. ‘कंट्रोल पॅनल’मधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये चालू योजनेच्या ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’वर जावे, तेथून ‘चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’ उघडावे आणि ‘हार्ड डिस्क’खालील ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ येथे शून्य लिहावे. शून्याचा अर्थ ‘नेव्हर’, म्हणजे कधीच नाही. ‘प्लग्ड इन’ आणि ‘ऑन बॅटरी’ या दोन्ही नोंदी वेगवेगळ्या बदलाव्या लागतात. एकच बदलून दुसरी विसरणे ही नेहमीची चूक. वीज वाचवायची असेल, तर पडद्याचा उजेड कमी केल्याने अधिक लाभ होतो. लॅपटॉपची डिस्क नुसती फिरत असताना सुमारे एक वॅटच घेते, आणि पुन्हा वेग घेताना तिला त्याहून कितीतरी जास्त वीज लागते.

एवढे करूनही क्षणभराचे अडखळणे आणि हलकीशी ‘टक्’ राहिली, तर डिस्कच्या अंगभूत वीजबचतीकडे पाहावे लागते. तबकड्या फिरत असतानाच काही डिस्क थोड्याशा विश्रांतीनंतर हेड बाजूला नेऊन ठेवतात. धक्का बसल्यास तबकडीला इजा होऊ नये, हाही त्यामागचा हेतू. परंतु याचा अतिरेक महागात पडतो. लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्क अशा ३ लाख किंवा ६ लाख फेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात. दर अर्ध्या मिनिटाला एक फेरी धरली, तर आठ तासांत ९६० होतात आणि ३ लाखांचा आकडा वर्षभरातच गाठला जातो. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या स्मार्ट नोंदींत ‘लोड सायकल काउंट’ या नावाने ही संख्या दिसते. हे अंगभूत वर्तन सौम्य करण्याची सोय बऱ्याच डिस्कमध्ये असते. ते काम जाणकाराकडून करून घेतलेले बरे.

खरा बिघाड वेगळा ओळखू येतो. झोपेचा विलंब रिकामपणानंतर येतो, एकदाच येतो आणि नोंद बदलली की थांबतो. सलग काम चालू असतानाही डिस्क अडकत असेल, टकटक पुन्हापुन्हा ऐकू येत असेल, फाइली उघडेनाशा झाल्या असतील किंवा स्मार्टमधील ‘रीअलोकेटेड’ व ‘पेंडिंग सेक्टर’चे आकडे वाढत असतील, तर सेटिंग्जशी खेळत बसू नये. अशा वेळी आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, दुरुस्तीचे नंतर पाहावे.

बॅकअपसाठी बाहेरून जोडलेली डिस्कही अशीच डुलकी घेते. तिच्या पेटीतील सर्किटला स्वतःचे घड्याळ असू शकते, त्यामुळे विंडोजमध्ये शून्य लिहूनही ती झोपते. पडदा थिजला म्हणून घाईने तिची केबल उपटू नये. घरघर सुरू होऊन ती जागी होईपर्यंत थांबावे.