कोर्टात कुणाचा शब्द चालतो?

वडूज, विटा, आटपाडी या पट्ट्यातले पक्षकार माझ्याकडे क्वचितच रिकाम्या हाताने येतात. वर्तमानपत्राचं कात्रण असतं, नाहीतर मोबाइलवर आलेला निकालाचा फोटो. "वकीलबाई, कोर्टानंच सांगितलंय की!" मी विचारते, कुठल्या कोर्टाने, कधी, आणि तो निकाल आज टिकून आहे का?

हे प्रश्न किती महत्त्वाचे, ते खिलार बैलांच्या आमच्या मुलखाने शर्यतबंदीच्या काळात अनुभवलं आहे. मूळ कायदा संसदेचा, १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्याच आधारे केंद्राने २०११ साली अधिसूचना काढली आणि खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. मग ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी नागराजा खटल्यात तामिळनाडूतलं जलिकट्टू आणि आपल्याकडच्या शर्यती, दोन्ही बेकायदा ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा अनुच्छेद १४१ प्रमाणे देशातल्या प्रत्येक कोर्टावर बंधनकारक असतो. त्यामुळे जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने शर्यतींना वाट देणारी नवी अधिसूचना काढली, तेव्हा तिला काही दिवसांतच स्थगिती मिळाली. गावोगावी मात्र 'सरकारनं परवानगी दिली' एवढंच पोचलं होतं. याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं.

खरी वाट २०१७ मध्ये विधिमंडळाने काढली. केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि तिला राष्ट्रपतींची संमती घेतली. समवर्ती सूचीतल्या विषयात राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर ती लागतेच. तरीही त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा गुलाल उधळला गेला. पण तो अंतरिम आदेश होता. अंतिम सुनावणीपर्यंतची ती सोय. कायदा काय आहे, हे त्याने ठरत नाही. ते ठरलं १८ मे २०२३ रोजी. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. २०१४ चा निकाल ज्या कायद्यावर उभा होता तो कायदाच आता बदलला आहे, हा त्यातला गाभा. न्यायमूर्तींची संख्या आणि तारीख पाहून भागत नाही, निकालामागचं कारणही वाचावं लागतं, ते यासाठी.

उच्च न्यायालयाचं थोडं वेगळं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात. बेंच कोल्हापुरात बसत असलं तरी न्यायालय मुंबई उच्च न्यायालयच, त्यामुळे तिथला निकाल आमच्या जिल्हा न्यायालयांना पाळावाच लागतो. जतपासून कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर, पण कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल सांगलीच्या न्यायाधीशांना बांधत नाही. त्यातला विचार पटला तर ते स्वीकारतील, एवढंच. मुल्लांसारख्या भाष्यकारांचे ग्रंथ आम्ही रोज उघडतो, ते मूळ कलम आणि निकाल सापडावेत म्हणून. कात्रणाला यात काहीच स्थान नाही.

घटनापीठाचा निकाल दाखवून आता काही आयोजक विचारतात, "मग कलेक्टरची परवानगी कशाला?" कारण ती अट २०१७ च्या दुरुस्तीतच आहे, आणि न्यायालयाने वैध ठरवली ती दुरुस्ती अटींसकट.